सहकाराचे शिल्पकार : धनंजयराव गाडगीळ

पाठाचा परिचय : साखर कारखाना, पतपेढी, दूध संस्था, विणकरांची सोसायटी अशा अनेक संस्थांच्या नावात 'सहकारी' हा शब्द असतो. सहकारी संस्था म्हणजे काय? ती कोणाच्या मालकीची असते? तिचा कारभार कसा चालतो? नाशिकमध्ये जन्मलेल्या एका थोर अर्थशास्त्रज्ञाने या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात लिहिलीच, पण शेतकऱ्यांबरोबर उभे राहून ती प्रत्यक्षातही आणून दाखवली. त्यांच्या जीवनकार्याची ओळख या पाठात करून दिली आहे.

गोदावरीच्या काठी वसलेल्या नाशिक शहरात १० एप्रिल १९०१ रोजी धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म झाला. त्यांचे शालेय शिक्षण मात्र नागपूरला झाले. अभ्यासात ते हुशार होते. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले. केंब्रिज विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. इंग्रजांच्या राज्यात भारतातील जुने हस्तव्यवसाय का मोडले, नवे कारखाने कसे वाढले, शेतकऱ्याची स्थिती कशी बदलत गेली, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या विषयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे अनेक वर्षे भारतातील विद्यार्थी हा ग्रंथ अभ्यासत राहिले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात नोकरी केली. नंतर ते सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्य झाले. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. रावबहादूर रा. रा. काळे यांनी या संस्थेसाठी मोठी देणगी दिली होती. धनंजयराव या संस्थेचे पहिले संचालक झाले. पुढची छत्तीस वर्षे त्यांनी ही जबाबदारी सांभाळली.

धनंजयरावांची काम करण्याची रीत वेगळी होती. लोकांच्या गरिबीविषयी बोलण्याआधी ती मोजली पाहिजे, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी पाहणीवर भर दिला. संस्थेचे कार्यकर्ते गावोगाव आणि घरोघर जात. शेतकऱ्याचे पीक किती, खर्च किती, कर्ज किती, हे ते विचारत आणि लिहून घेत. पुण्यातील फळांचा बाजार, वाई तालुक्यातील शेती, पुणे शहरातील कुटुंबे अशा अनेक विषयांच्या पाहण्या त्यांनी केल्या.

त्यांची एक पाहणी गोदावरी आणि प्रवरा या नद्यांच्या कालव्यांविषयी होती. गोदावरीचे कालवे नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथून निघतात आणि पुढे त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जातात. कालव्यांमुळे शेतकऱ्याला, मजुराला, व्यापाऱ्याला आणि सरकारला नेमका किती फायदा झाला, हे या पाहणीत मोजले होते. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. या अभ्यासामुळे कालव्यांच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांची स्थिती धनंजयरावांना चांगली ठाऊक होती.

ही स्थिती कशी होती? कालव्याचे पाणी आले, तसा ऊस वाढला. पण पाण्याबरोबर सुख आलेच असे नाही. उसाला खत, पाणी आणि मजुरी यांसाठी पैसा लागतो. हा पैसा शेतकरी सावकाराकडून व्याजाने घेत असे. पीक तयार झाले की त्याचा गूळ करून बाजारात नेई. गुळाचे भाव पडले की कर्ज अंगावर राही. साखर कारखान्याला ऊस द्यावा, तर कारखाना दुसऱ्याच्या मालकीचा. ऊस तोडल्यावर तो लवकर गाळावा लागतो, नाहीतर त्यातील साखर कमी होते. म्हणून शेतकरी चांगल्या भावाची वाट पाहत बसू शकत नाही. कारखानदार जो भाव देईल, तो त्याला घ्यावा लागे. घाम शेतकऱ्याचा आणि नफा दुसऱ्याचा, असा हा व्यवहार होता.

या व्यवहारातून सुटण्याचा एक मार्ग जगात आधीच सापडला होता. इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचे कापडगिरण्यांचे गाव आहे. तेथे १८४४ साली २८ गरीब कामगारांनी एकत्र येऊन एक दुकान काढले. त्यांत बरेच विणकर होते. प्रत्येकाने एक पौंड भांडवल दिले. दुकानात लोणी, साखर, पीठ आणि मेणबत्त्या असा थोडाच माल होता. पण माप खरे होते, माल शुद्ध होता आणि दुकानाचे मालक स्वतः ग्राहकच होते. वर्षअखेरीस उरलेला नफा ज्याने जेवढी खरेदी केली, त्या प्रमाणात वाटला जाई. या छोट्या दुकानातून जगभर सहकारी चळवळ पसरली.

आपल्या मालेगावच्या मागवाल्यांना या विणकरांची अडचण सहज समजेल. एकटा मागवाला व्यापाऱ्याकडून उधारीवर सूत घेतो आणि तयार कापड त्याच व्यापाऱ्याला विकतो. सुताचा भाव व्यापारी ठरवतो आणि कापडाचाही तोच ठरवतो. मधल्या मधे मागवाल्याच्या हातात थोडी मजुरी उरते. असे अनेक मागवाले एकत्र आले, त्यांनी मिळून सूत घेतले आणि मिळून कापड विकले, तर भाव ठरवताना त्यांचाही आवाज ऐकला जातो. सहकाराचे मूळ याच साध्या विचारात आहे.

भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. त्यानंतर गावोगाव छोट्या सोसायट्या निघाल्या. शेतकऱ्याला सावकारापेक्षा कमी व्याजाने कर्ज मिळावे, हा त्यांचा हेतू होता. अहमदनगर जिल्ह्यातील लोणी या गावी अशीच एक सोसायटी १९२३ साली सुरू झाली. ती सुरू करणारे विठ्ठलराव विखे पाटील हे शेतकरी होते. त्यांचे शिक्षण फारसे झाले नव्हते. पण माणसे जोडण्याची कला त्यांच्याकडे होती.

१९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर येथे कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष धनंजयराव होते. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःचा साखर कारखाना काढावा, असा विचार तेथे पुढे आला. विठ्ठलरावांनी तो उचलून धरला. ते गावोगाव फिरले आणि त्यांनी शेतकऱ्यांकडून भागांचे पैसे जमवले. हे काम सोपे नव्हते. कालचा कर्जबाजारी शेतकरी उद्याचा कारखानदार होईल, यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. यंत्रांसाठी लाखो रुपये हवे होते. कारखाना बुडाला, तर शेतकऱ्यांचे पैसे बुडणार होते आणि त्यांचा एकमेकांवरचा विश्वासही बुडणार होता.

अशा वेळी धनंजयराव मागे राहिले नाहीत. ३१ डिसेंबर १९४८ रोजी संस्थेची नोंदणी झाली. धनंजयराव तिचे अध्यक्ष झाले आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष झाले. एक केंब्रिजमध्ये शिकलेले प्राध्यापक, दुसरे शेतात वाढलेले शेतकरी. एकाला हिशेब, कायदा आणि बँकांचे व्यवहार ठाऊक होते. दुसऱ्याला माणसे आणि माती ठाऊक होती. त्या वेळी मुंबई राज्यात वैकुंठभाई मेहता हे अर्थ आणि सहकार खात्यांचे मंत्री होते. त्यांनीही या कामाला पाठबळ दिले. शेतकऱ्यांचे भाग, सरकारचे भाग आणि वित्तसंस्थेचे कर्ज अशा तीन मार्गांनी भांडवल उभे राहिले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या काठी या कारखान्याने ऊस गाळायला सुरुवात केली. महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना होय. सुरुवातीची सुमारे दहा वर्षे धनंजयराव त्याचे अध्यक्ष होते.

सहकारी कारखान्याची रचना कशी असते, हे आता पाहू. खासगी कंपनीत ज्याचे शेअर जास्त, त्याची मते जास्त. सहकारी संस्थेत तसे नसते. तेथे एका सभासदाला एकच मत असते. दोन एकरांचा शेतकरी असो की पन्नास एकरांचा, मताची किंमत सारखीच. एकाच माणसाने सगळे भाग विकत घेऊन मालक होऊ नये, म्हणून कायद्याने मर्यादाही घातली आहे. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे कोणत्याही एका व्यक्तीला एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भाग घेता येत नाहीत.

सर्व सभासदांची मिळून सर्वसाधारण सभा बनते. संस्थेची सर्वांत मोठी सत्ता तीच होय. ही सभा दरवर्षी भरते. वर्षाचा जमाखर्च तिच्यापुढे ठेवला जातो आणि सभासद प्रश्न विचारू शकतात. सभासद आपल्यातून संचालक निवडतात. त्यांच्या मंडळाची मुदत पाच वर्षांची असते. महिलांसाठी आणि दुर्बल घटकांसाठी मंडळावर काही जागा राखून ठेवलेल्या असतात. संचालक मंडळ आपला अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडते. रोजचे काम मात्र पगारी कार्यकारी संचालक, अभियंते, रसायनतज्ज्ञ, शेतकी अधिकारी आणि कामगार पाहतात. धोरण निवडून आलेल्यांनी ठरवायचे आणि काम जाणकारांनी करायचे, अशी ही वाटणी आहे. संस्थेचे नियम पोटनियमांत लिहिलेले असतात. संस्थेची नोंदणी सरकारचा निबंधक करतो आणि हिशेबांची तपासणी दरवर्षी होते.

नफ्याची वाटणीही ठरलेली असते. निव्वळ नफ्यातील किमान चौथा हिस्सा राखीव निधीत ठेवावा लागतो. भागांवरचा लाभांश शेकडा पंधरापेक्षा जास्त देता येत नाही. कारण सहकारी संस्था पैसा गुंतवून श्रीमंत होण्यासाठी काढलेली नसते. साखर कारखान्यात सभासदाचा खरा फायदा उसाच्या भावातून होतो. शंभर किलो उसातून सुमारे दहा-अकरा किलो साखर निघते. साखर आणि मळी विकून खर्च वजा जाता जे उरते, ते ज्याने जेवढा ऊस दिला, त्या प्रमाणात भावाच्या रूपाने परत जाते. रॉचडेलच्या दुकानात खरेदीच्या प्रमाणात नफा मिळे. येथे तो उसाच्या प्रमाणात मिळतो.

या सगळ्या रचनेत धनंजयराव हिशेबाला फार महत्त्व देत. सहकारी संस्थेचा कणा म्हणजे सभासदाचा विश्वास आणि विश्वासाचा पाया म्हणजे चोख हिशेब, हे त्यांनी ओळखले होते. कारखान्याच्या आधाराने प्रवरा परिसरात शाळा, दवाखाने आणि रस्ते झाले. १९६१ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी प्रवरानगरला भेट दिली. प्रवरेचे उदाहरण पाहून महाराष्ट्रात ठिकठिकाणी सहकारी कारखाने निघाले. नाशिक जिल्ह्यातही दाभाडी, निफाड, पळसे, दिंडोरी अशा भागांत ते उभे राहिले.

याच काळात धनंजयराव देशपातळीवरही काम करत होते. रिझर्व्ह बँकेने भारतातील खेड्यांच्या कर्जाची मोठी पाहणी केली. या पाहणीच्या समितीत धनंजयराव होते. १९५४ साली तिचा अहवाल आला. त्यातील आकडे डोळे उघडणारे होते. शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळालेले कर्ज शेकडा तीनच्या आसपास होते. सुमारे सत्तर टक्के कर्ज सावकारांचे होते. कायदा होऊन पन्नास वर्षे झाली, तरी सहकार गरिबापर्यंत पोहोचला नव्हता. समितीने हे अपयश लपवले नाही. पण सहकार सोडून द्यावा, असेही म्हटले नाही. छोट्या संस्था एकट्या पडतात, म्हणून त्या दुबळ्या राहतात, असे समितीला दिसले. गावाची सोसायटी, जिल्ह्याची मध्यवर्ती बँक आणि राज्याची शिखर बँक अशी मजबूत साखळी हवी. सरकारने भाग घेऊन त्यांना बळ द्यावे. कर्ज, खरेदी-विक्री आणि प्रक्रिया यांची सांगड घालावी. अशा सूचना समितीने केल्या आणि पुढे देशाचे धोरण त्यांच्या आधारे घडले.

१९६६ साली धनंजयराव राज्यसभेचे सदस्य झाले. त्याच सुमारास त्यांनी पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. १९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राचा पैसा राज्यांना कसा वाटावा, यासाठी त्यांनी एक सूत्र तयार केले. ते 'गाडगीळ सूत्र' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यानुसार मदतीचा साठ टक्के भाग लोकसंख्येवर ठरत असे आणि काही भाग गरीब राज्यांसाठी राखलेला असे. वाटणी कोणाच्या मर्जीवर न ठेवता नियमावर ठेवावी, हा त्यामागचा विचार होता. सहकारी संस्थेतही त्यांनी हाच विचार जपला होता.

३ मे १९७१ रोजी धनंजयरावांचे निधन झाले. प्रसिद्ध पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे पुत्र होत.

धनंजयरावांच्या पश्चात सहकार वाढला, पण सर्वच संस्था चांगल्या चालल्या नाहीत. नाशिक जिल्ह्यातील काही कारखान्यांसह राज्यातील अनेक सहकारी कारखाने कर्जात सापडले. काही बंद पडले, काही विकले गेले, काही दुसऱ्यांना चालवायला दिले गेले. कोठे उसापेक्षा कारखाने मोठे झाले, कोठे पाणी कमी पडले, कोठे कारभार ढिला झाला. जेथे सभासद सर्वसाधारण सभेला गेले नाहीत, ज्यांनी जमाखर्च वाचला नाही, तेथे संस्था मूठभर लोकांच्या हाती गेली. आणखी एक प्रश्नही राहिला. ऊस पिकवणारा शेतकरी कारखान्याचा सभासद असतो. पण थंडीत पहाटे उठून ऊस तोडणारा मजूर सभासद नसतो. हंगामात तो मुलाबाळांसह घर सोडून फडावर येतो. त्याच्या मुलांची शाळा बुडते. सर्वांचे भले व्हावे असे म्हणणाऱ्या सहकाराला हा प्रश्न अजून सोडवायचा आहे.

ही स्थिती पाहिली, की धनंजयरावांच्या कामाचे महत्त्व अधिक पटते. एक माणूस एक मत, हा नियम कागदावर लिहिणे सोपे आहे. तो खरा करायचा, तर प्रत्येक सभासदाने वाचले पाहिजे, विचारले पाहिजे आणि मत दिले पाहिजे. नाशिकच्या या सुपुत्राने आकड्यांची भीती घालवली आणि आकडे सामान्य माणसाच्या कामाला लावले. आपल्या घरातील कोणी ना कोणी एखाद्या सोसायटीचे, पतपेढीचे किंवा सहकारी बँकेचे सभासद असेल. त्या संस्थेचा वार्षिक अहवाल घरी आला, तर तो बाजूला न ठेवता मोठ्यांबरोबर बसून वाचावा. धनंजयरावांना हीच खरी आदरांजली ठरेल.

शब्दार्थ

हस्तव्यवसाय – हाताने वस्तू बनवण्याचा धंदा
पाहणी – माहिती गोळा करून केलेली तपासणी
बागायतदार – पाण्यावर पिके घेणारा शेतकरी
पाठबळ – आधार, मदत
भागभांडवल – सभासदांच्या भागांतून जमलेले भांडवल
लाभांश – नफ्यातून भागांवर मिळणारी रक्कम
पोटनियम – संस्थेने स्वतःच्या कारभारासाठी केलेले नियम
चोख – बिनचूक, स्वच्छ
फड – ऊसतोडणी चालू असलेले शेत

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) धनंजयराव गाडगीळ यांचा जन्म कोठे झाला?
(आ) रॉचडेलच्या दुकानात नफा कोणत्या प्रमाणात वाटला जाई?
(इ) सहकारी संस्थेची सर्वांत मोठी सत्ता कोणती?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) शेतकऱ्याला कारखानदार देईल तो भाव का घ्यावा लागे?
(आ) खासगी कंपनी आणि सहकारी संस्था यांच्या मतदानात कोणता फरक आहे?
(इ) धनंजयराव आणि विठ्ठलराव एकमेकांना कसे पूरक ठरले?

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
डोळे उघडणे, उचलून धरणे, सांगड घालणे

प्र. ४. आपल्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एका सहकारी संस्थेची माहिती मिळवा. तिचे सभासद किती, संचालक किती आणि सर्वसाधारण सभा कधी भरते, हे आठ-दहा वाक्यांत लिहा.